आठ पाकळ्यांची गिनी

मेडशी, ता. मालेगाव
४ ऑक्टोबर २०२५

ती. विजूताईंना साधनाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. कानाचं नवीन यंत्र घेऊनही फोनवर नुसती खरखर ऐकू येते, हे वाचून वाईट वाटलं. पण खरं सांगू का, मला पत्रच बरं. माझा फोन आता माझा राहिलेला नाही. बाया गिरणीवर आल्या की दळणाचा डबा खाली ठेवायच्या आधी फोन मागतात. त्यात तुम्हाला काही लिहिलं तर ते तुमच्या आधी अख्खी मेडशी वाचेल.

इकडे सोयाबीन सोंगून पडलं आहे. तुमचे भाऊ हडंबा घेऊन रोज कोणाच्या तरी वावरात मळणीला असतात. घरी येतात ते डोक्यापासून पायापर्यंत भुशाने माखलेले, आणि जेवताना घास हातात धरूनच डुलक्या घेतात. दाणा पावसाने काळा पडला आहे, बाजारभावाचं तर बोलायलाच नको. गिरणीची वीजही दिवसा असते तेव्हा असते. थकवा आहे, ताई. सण झाला पण आला कधी न् गेला कधी ते कळलं नाही.

फोन का मागतात ते सांगते. तुम्ही मला सोन्याचा वायदा शिकवलात, एक ग्रॅमचं सगळ्यात लहान कंत्राट, ज्याला पाकळी म्हणतात ते. पूर्ण सोन्याचे पैसे भरायचे नाहीत, थोडी रक्कम हमी म्हणून ठेवायची, आणि रोजच्या भावाप्रमाणे खात्यात चढ-उतार होत राहायचा. मी आपली गुपचूप एक पाकळी घेत होते. श्रावणात शेजारच्या मंजूने ते पाहिलं. सोनं तर चढतंच आहे. ती म्हणे, मलेही एक घेऊन दे. मी म्हटलं, तुझं खातं उघड. तर म्हणे, माह्या बँकेचा नंबर पोराच्या फोनवर, पोरगा पुण्याले, तुह्याच खात्यात घे. मग बचत गटाच्या शुक्रवारच्या बैठकीत रंजीता, पंचफुला, एकेक करत सगळ्या. आता मी धरून आठजणी आहोत. प्रत्येकीने दोन हजार भरलेत आणि प्रत्येकीची एकच पाकळी. दुसरी कोणालाही घेऊ दिली नाही, नियम तुमचाच पाळला आहे. रागावू नका.

अडचण एवढीच आहे की प्रत्येकीने वेगळ्या दिवशी घेतली. मंजूची आधी म्हणून स्वस्तात पडली, पंचफुलाची महागात. फोनवर मात्र नुसतं आठ असं दिसतं आणि त्यापुढे सरासरीचा एकच भाव. माझी कोणती, तिची कोणती, यावरून रोज भांडण. डोकं उठलं आहे.

शालिग्राम भाऊजींना नमस्कार. माया आहे ती पातळ होऊ देऊ नये.

तुमची,
साधना


कामरगाव, ता. कारंजा
९ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. रागावू नका असं लिहिलंस, तिथपर्यंत मी रागावले नव्हते.

नियम माझाच पाळला म्हणतेस. बाई गं, माझा नियम एक पाकळी असा होता, एका बाईला एक असा नव्हता. खात्याला बाया दिसत नाहीत, त्याला आठ ग्रॅम दिसतात. आणि दुसऱ्यांचे पैसे आपल्या खात्यात घालून वायदा करता येत नाही. कायद्यातही ते बसत नाही आणि शहाणपणातही नाही.

आमच्याकडचं तुला अर्धवट माहीत आहे, आज पूर्ण लिहिते. ह्यांनी पेन्शनीत निघाल्यावर शेअर बाजाराच्या निर्देशांकाचं मोठं कंत्राट घेतलं होतं. छोट्याने काय होतं, म्हणायचे. एका दुपारी बाजार घसरायला लागला, तेव्हा त्यांना निम्मं विकून निम्मं ठेवायचं होतं. पण ते एकच होतं, त्याचं निम्मं होईना. ठेवायचं तर सगळं, सोडायचं तर सगळं. ते बसले विचार करत, आणि चहाच्या वेळेपर्यंत त्या वर्षीची तूर त्यात गेली. आता तर ती कंत्राटं आणखी मोठी केली आहेत म्हणतात. त्यानंतर कितीतरी दिवस हा माणूस टीव्हीकडे पाठ करून अंगणात बसायचा.

म्हणून मी पाकळी धरली. तिच्यात मिळत काही नाही. दलाली आणि कर जाऊन मेथीच्या चार जुड्या सुटल्या तरी डोक्यावरून पाणी. पण नको वाटली की एक विकता येते आणि झोप लागते. लहान कंत्राटाचं सुख तेवढंच आहे. तू तेच घालवायला निघाली आहेस.

सगळ्यांचे पैसे परत कर. ज्यांना हौस आहे त्यांनी आपापली खाती उघडावीत. आणि भांडण मिटवायला कृपा करून युक्ती काढू नकोस. तुझ्या युक्त्यांची मला धास्ती वाटते. आमच्या ऋषिकेशच्या लग्नात कोणी कसलं लुगडं दिलं यावरून बोलणी नकोत म्हणून तू सगळी लुगडी एका गाठोड्यात बांधलीस. पुढे महिनाभर कोणाचा आहेर कोणता ते विचारत गावात फिरत होते मी.

ह्यांचे गुडघे थंडीच्या आधीच कुरकुरायला लागलेत. देवानंदला म्हणावं, भुशात काम करताना तोंडाला फडकं बांध.

रागावले तरी आहे तुझीच,
विजूताई


मेडशी
१९ ऑक्टोबर २०२५

ती. विजूताईंना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हातात पडलं तेव्हा युक्ती काढून झाली होती. आता हसा किंवा रागवा.

पाकळीच्या वरचं कंत्राट गिनीचं असतं, आठ ग्रॅमचं. आम्ही आठजणी. मी त्या सगळ्या पाकळ्या विकल्या आणि त्याच भावाच्या आसपास एक गिनी घेतली. ज्यांना पाकळीत थोडं जास्त सुटलं होतं त्यांनी ते सोडून दिलं, सगळ्यांचा वाटा सारखा केला. गिनी एक, भाव एक, कोणाची महाग नाही, कोणाची स्वस्त नाही. दुसऱ्या दिवसापासून गिरणीवर इतकी शांतता की मला पट्ट्याचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. भावही वर गेला. मंजू तर मला गटाची लक्ष्मी म्हणू लागली.

पण परवा शुक्रवारी एक गोष्ट झाली, ती मनातून जात नाही.

पंचफुला तुम्हाला आठवत असेल, दर हिवाळ्यात नवऱ्याबरोबर, बादलबरोबर, ऊसतोडीला जाते ती. यंदा सांगलीकडे फड आहे. मुकादमाचा ट्रक भाऊबीजेच्या सकाळी निघणार. ती बैठकीत म्हणाली की तिला आता निघायचं आहे. तिकडे ना फोन, ना कोणी सांगणारं, मग जीव टांगणीला कायले ठेवू, माही पाकळी मले काढून दे, तुमची तुमी ठेवा. मी तिला समजावलं की आता पाकळी नाही, गिनी आहे, आणि तिच्यातून एक ग्रॅम काढता येत नाही. विकली तर आठहीजणींची विकावी लागेल. मंजू म्हणाली, चढत्या भावात कोण विकते, हात वर करून ठरवा. ठेवायची म्हणून सातही हात वर गेले.

त्यात माझाही होता, ताई. मी तिचंच भलं पाहिलं. महिनाअखेरीला कंत्राट संपेल तेव्हा तिला आजच्यापेक्षा जास्तच मिळेल, असं मी तिला म्हटलंसुद्धा. ती तशीच उठून गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. तिचं ज्वारीचं दळण गिरणीवर तसंच राहिलं, संध्याकाळी बादल येऊन घेऊन गेला.

मी चुकले का ते लिहा. दिवाळीचं फराळाचं निम्मंच झालं आहे, चकल्या तर यंदा करवल्याच नाहीत. तुमचे भाऊ भाऊबीजेला येतील, त्यांच्याबरोबर चिवडा पाठवते.

रागाच्या खाली जी माया असते तिच्या भरवशावर,
साधना


कामरगाव
भाऊबीज, २३ ऑक्टोबर

चि. सौ. साधनास आशीर्वाद.

देवानंद ओवाळून घेऊन जेवतो आहे, तेवढ्यात लिहिते, त्याच्याच हाती देते. तुझं पत्र मला कालच मिळालं. त्याला यातलं काही माहीत दिसत नाही, मीही बोलले नाही. ते तूच त्याला सांग.

चुकलीस का विचारतेस. हो.

गिनी मोडता येते. सगळी विकायची आणि त्याच घटकेला सात पाकळ्या परत घ्यायच्या. चार पैसे दलालीचे जातील, बाकी सातजणींचं काही बिघडत नाही आणि पंचफुला मोकळी होते. हे तुला सुचलं नाही असं मी मानणार नाही. सुचलं असेल, पण मग पुन्हा कोणाची कोणती हे भांडण सुरू झालं असतं, आणि तुला त्याचा कंटाळा आला होता. कंटाळा मला कळतो. आपण दोघी आयुष्यभर दुसऱ्यांची भांडणं निस्तरून दमलो आहोत. पण तुझ्या कंटाळ्याचा खर्च तिच्या माथी का?

दोन दिवसांपासून भाव घसरतो आहे, पाहिलंस का? माझी एक होती, काल काढली. उद्या सकाळी गिनी विक. भाव पाहू नकोस.

चिवडा छान झाला आहे, मीठ कमी आहे. ह्यांना तसाच आवडतो.

घाईत,
विजूताई


मेडशी
३० ऑक्टोबर २०२५

ती. विजूताईंना सा. न. वि. वि.

तुमच्या भावांनी पत्र रात्री दिलं. ट्रक त्याच दिवशी सकाळी निघून गेला होता. मी दाराशी उभी होते. पंचफुला मागच्या बाजूला गाठोड्यांवर बसली होती. मी हात केला, तिनेही केला. भाव पडतो आहे हे तेव्हा मला माहीत होतं आणि तिला नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गिनी विकायला बसले, तर मंजू आणि रंजीता गिरणीवर येऊन उभ्या. म्हणे, पडला तसा चढेल, घरातला सोयाबीन आपण पडत्या भावात काढतो काय? ठेवूनच देतो ना? मी म्हटलं की सोयाबीन कोठीत पडून राहतं, त्याच्यासाठी रोज कोणी पैसे मागत नाही, वायद्याला तारीख असते. पण माझाही हात थांबला. खोटं कशाला लिहू, मलाही वाटलं की चढेल. मग दलालाकडून निरोप आला की हमी कमी पडते आहे, आणखी भरा. कोणाकडे होतं भरायला? सोयाबीनचा पैसा अजून कोणाच्याच हाती नाही. परवा त्यांनी गिनी परस्पर विकून टाकली. पाकळ्या असत्या तर दोन-तीन विकून बाकीच्या राहिल्या असत्या. एक होती, ती एका झटक्यात गेली. प्रत्येकीच्या भरलेल्यातला तिसरा हिस्सा जेमतेम उरला आहे.

तुमच्या भावांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. हातपाय धुतले, आणि एवढंच म्हणाले, पंचफुलाचं काय करशीन? बाकी कोणाचं नाव त्यांनी घेतलं नाही.

माझ्या मनात आहे की तिला त्या शुक्रवारचा भाव धरून पूर्ण द्यावं, गिरणीच्या पैशातून. गिरणीची मोटर नव्या तारेने भरायला टाकायची होती, ते पुढे ढकलीन. पण मंजूला कुणकुण लागली आहे. ती म्हणे, आठजणींची एक गिनी, तोटा आठीत सारखा, तिले देशीन तं आमालेही दे. तिचं गणित चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. सारखा वाटा ही युक्ती माझीच होती.

ताई, मी फार दमले आहे. गिरणी बंद केली तरी कानात घरघर चालू राहते. काय करू ते स्पष्ट लिहा, या वेळी मी ऐकेन.

तुमचा आधार आहे म्हणून उभी आहे,
साधना


कामरगाव
५ नोव्हेंबर २०२५

चि. सौ. साधनास अनेक आशीर्वाद.

मंजूचं गणित बरोबरच आहे, पण हिशेब चुकीचा आहे. सातजणींनी हात वर करून राहायचं ठरवलं, त्यांचा तोटा त्यांनी निवडला. त्यात तुझाही आलाच. आठवी जायचं म्हणत होती, तिला तुम्ही जाऊ दिलं नाही. तिचा तोटा तिचा नाहीच. पंचफुलाला पूर्ण दे. सातजणींना जे उरलं आहे तेच दे, एक रुपया वर देऊ नकोस. वर दिलास तर पुढच्या वेळी त्या पुन्हा तुझ्याच खात्यात शिरतील.

हे त्यांना गिरणीवर सगळ्यांदेखत सांग. वाईट होशील. हो बापडे वाईट.

मी हे सगळं ह्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की त्या दुपारी त्यांना कोणी अडवलं नव्हतं, तरी त्यांना निघता आलं नाही, आणि त्या बाईला निघायचं कळलं होतं तर तिला धरून ठेवलं. इतक्या वर्षांत ते त्या दुपारबद्दल पहिल्यांदा बोलले. मग चहा मागितला आणि त्यात साखर जास्त झाली म्हणून माझ्यावर चिडले.

मोटरीचे पैसे मी देऊ शकते, पण देणार नाही. ते तुझ्याच हातून गेले पाहिजेत, म्हणजे लक्षात राहील. कठोर वाटेल. रडू आलं तर रडून घे, पण पाठव.

आशीर्वाद आहेत, ते कमी पडायचे नाहीत.

विजूताई


मेडशी
१६ नोव्हेंबर २०२५

ती. विजूताईंना सा. न. वि. वि.

तुम्ही लिहिलंत तसंच केलं.

मुकादम सेवादास तोडणीसाठी आणखी दोन नवरा-बायकोच्या जोड्या न्यायला गावात आला होता. त्याच्या हाती पंचफुलाचं पाकीट दिलं, आत चिठ्ठी घातली की हा त्या शुक्रवारचा भाव आहे, आणि तुला थांबवायला नको होतं. एवढंच लिहायला मला सकाळपासून दुपार झाली.

मग बैठकीत सांगितलं. मंजू उठून उभी राहिली. ती म्हणे, आमी परके अन् ते सख्खी काय? मी म्हटलं, सख्खं-परकं नाही, तिने जायला मागितलं होतं आणि तुम्ही-आम्ही नाही म्हटलं होतं. रंजीता खाली मान घालून बसली आणि तिने आपलं उरलेलं मुकाट्याने घेतलं. मंजूने घेतलं, मोजलं, आणि त्या दिवसापासून तिचं दळण खालच्या आळीच्या गिरणीवर जातं. तिच्याबरोबर आणखी एक घर गेलं. रस्त्यात समोर आली की ती पदर सारखा करते आणि पलीकडून जाते. पंधरा वर्षं माझ्या ओट्यावर बसून तिने शेंगा फोडल्या आहेत, ताई. फार लागतं मनाला.

वायद्याचं ॲप मी फोनमधून काढून टाकलं. फोन आता कोणी मागत नाही. मोटर रोज दुपारी तापते, थांबून थांबून दळते आहे.

पंचफुलाकडून काही आलेलं नाही. तिने पाकीट घेतलं की परत केलं, तेही माहीत नाही. तेवढं कळलं की मला बरं वाटेल. बाकी कशाची आशा नाही.

थंडी पडली आहे. भाऊजींच्या गुडघ्यांना ओव्याच्या पुरचुंडीने शेक द्या. आहे तेवढा लोभ पुरेसा आहे, फक्त तो असू द्या.

साधना


उसाचा फड, सांगलीकडे
९ डिसेंबर

साधनाबाईले पंचफुलाचा रामराम.

पत्र लिहाले कारन का सेवादास गावाकडं येऊन राह्यला, त्याच्या हाती देतो. इथली शिकेल पोरगी निता लिहून राह्यली अन् मी सांगून राह्यली. ते म्हने चांगल्या भाषेत लिहितो, मी म्हतलं राहू दे, जसं बोलतो तसंच लिह.

तुहं पाकीट पावलं. त्या सुक्करवारचा भाव तू बरोबर लावला. आमी बरे हाओत. बादलच्या बोटाले कोयता लागला, चिंधी बांधून तोडून राह्यला. थंडी लय हाय, पालात रातभर दहिवर गळते. मंजूनं दळन बंद केलं असं सेवादासनं सांगतलं. वाईट वाटलं. ते मनाची वाईट नाई, तिले हारल्याचा राग येते.

आता एक गंमत आयक. इथल्या बायाइले मी हे समदं सांगतलं. कायले सांगतलं, तं कोनी असं दुसऱ्याच्या खात्यात पैशे नोका टाकू म्हनून सांगतलं. त्याहिनं आयकलं उलटंच. म्हनतात, जे बाई पडल्या भावात चढेल भाव देते तिच्यापाशीच पैशे ठेवा लागते. नऊ जनी हायत. एकेक पाकळी पायजे म्हनतात. उचलीतले पैशे काढून सेवादासपाशी द्याले निंगाल्या होत्या, मी आडवी झाली. माहं आयकत नाईत. तूच त्याहिले नाई म्हनून लिह, अन् जाड अक्षरात लिह.

माहं म्हनशीन तं मले आता नको. पैशे पावले, पैशाचं संपलं. पन तवा हात वर गेले न, मी बाकीच्याइकडं पाह्यलंच नाई, तुह्याकडंच पाहून राह्यली होती. मले वाटे सारेच वर गेले तरी तुहा जाईन नाई. ते काई पाकिटात घालून फिटत नाई. अन् फिटव असं मी म्हनत बी नाई.

चैतात घरी येतो. दळन तुह्याकडंच आनीन.

तुही,
पंचफुला